तिसऱ्या ओळीतल्या आठ मात्रा

मेहरूण, जळगाव
३ फेब्रुवारी २०२५

ती. योगराज नाना यांना हेमलताचा नमस्कार.

तुम्हाला फोन करायचा तर मला गच्चीवर जाऊन ओरडावं लागतं, आणि तुम्ही "बरं बरं" म्हणून भलतंच उत्तर देता. मागच्या वेळी तुमच्या आईची, बेबाकाकूंची तब्येत विचारली, तर तुम्ही धुळ्याचं हवामान सांगितलंत. म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र तुम्ही डबीतच ठेवता, ते शिट्टी मारतं, असं तुमच्या सूनबाईनं कळवलं. समीक्षाला त्यावरून रागावू नका, मीच खोदून विचारलं.

गेल्या दिवाळीत माझ्या आईची अकरा गाणी तुमच्या पुस्तकासाठी पाठवली होती. तुम्ही ती लाल शाईनं रंगवून परत केलीत. प्रत्येकाखाली 'वृत्तभंग', आणि शेवटी 'बायकांच्या गळ्यात चालते, कागदावर चालत नाही. छापायचे तर दुरुस्त करीन.' आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिची गाणी तिनं म्हटली तशीच, भिकुबाई या नावानं छापून यावीत, एवढीच माझी इच्छा होती आणि आहे. दुरुस्त केलेली मला नको होती. तुम्ही मोठे चुलतभाऊ, त्यातून शिक्षक. मी तो विषय देवापुढे ठेवला आणि गप्प बसले.

आज काम वेगळं आहे. ट्रंक आवरताना एका कागदावर ही कविता मिळाली. खाली नाव नाही. कोणाची म्हणून आधी विचारू नका, वाचून सांगा. रचना कशी, वृत्त कोणतं, रस कोणता, सगळं.

समोर होतिस, आता नाही
ओठांवरती गोडी काही
हात एकटा
खांदा दुखतो, थांबत नाही

दारामागे हसते कोणी
अर्धी इकडे माझी गाणी
हात एकटा
ये ना आता, गोरे राणी

मॅट्रिकला लघु-गुरु मी तुमच्याच हाताखाली शिकले. विसरले नाहीये. जपाच्या माळेवर मोजून पाहिलं. सोळा, सोळा, आठ, सोळा. तिसऱ्या ओळीला माळ अर्ध्यावरच थांबते. हा वृत्तभंगच ना, नाना? मग लाल शाई काढा.

काकूंना नमस्कार.
हेमलता


देवपूर, धुळे
१० फेब्रुवारी २०२५

चि. हेमलता,

अनेक आशीर्वाद. हवामानाबद्दल तू विचारलेच होतेस, असे मला अजूनही वाटते.

कविता वाचली, आणि चहा निवला. नंतर तोच परत गरम करून घेतला, तोही निवला. यावरून काय ते समज.

प्रथम वृत्त. हे पादाकुलक. आठ अधिक आठ अशा सोळा मात्रा, मध्ये स्वच्छ यती. 'समोर होतिस' आठ, 'आता नाही' आठ. कवीचे मोजमाप पक्के आहे. पण तिसऱ्या चरणात तो 'हात एकटा' म्हणतो आणि गप्प होतो. उरलेल्या आठ मात्रा कोठे गेल्या? गेल्या नाहीत. त्या मौनात आहेत. जी समोर होती ती नाही, म्हणून चरणाचा तिच्या वाटचा अर्धा भागही नाही. आशय आणि वृत्त यांचा असा मेळ चाळीस वर्षे शिकवून माझ्या पाहण्यात नाही.

तू याला वृत्तभंग म्हणतेस आणि भिकुकाकूंच्या गाण्यांशी नेऊन बसवतेस. बेटा, न जमल्यामुळे मात्रा कमी पडणे वेगळे आणि जमत असताना त्या सोडणे वेगळे. यासाठी अभ्यास लागतो. हा कवी निश्चित पदवीधर आहे. संस्कृत घेतलेले असावे.

रस: विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहाचा, शेवटी करुणाकडे कललेला. 'ओठांवरती गोडी' हा चुंबनाचा संयत उल्लेख. तुला लिहिताना संकोच वाटतो, पण रसग्रहणात संकोच चालत नाही.

कोण हा? त्वरित कळव.
योगराज


मेहरूण
१६ फेब्रुवारी २०२५

नाना, नमस्कार.

तुमचं पत्र देवघरात बसून वाचलं. चुंबन आल्यावर उठून स्वयंपाकघरात गेले आणि उरलेलं तिथे वाचलं.

कवीचं मला कळलं. पदवीधर आहे, संस्कृत घेतलेलं आहे. नाव मागाहून सांगते, त्याची एक अडचण आहे.

पण त्या बाईचं काही तुम्ही लिहिलं नाहीत. ती 'गोरे राणी'. ती अशी न सांगता निघून जाते, दारामागे हसते. ती चांगली बाई म्हणायची का? आम्हा बायकांना तिच्याबद्दलच जास्त उत्सुकता. आमच्या भजनी मंडळात शनिवारी मी कविता वाचून दाखवली, तर दोघी म्हणाल्या तिची काही मजबुरी असेल. मी म्हटलं, थांबा, नाना सांगतील. तर जरा स्पष्ट लिहा. भीड ठेवू नका.

आणि दुसरं. समजा कोणी म्हणालं, या तिसऱ्या ओळीत दोन शब्द घालून सोळा मात्रा करून टाकू. 'हात एकटा, सोबत नाही', असं काहीतरी. बसतंय बरोबर. तर चालेल का?

लसणाची चटणी पाठवते आहे, चाळीसगावच्या जगदीशभाऊंची गाडी शुक्रवारी इथून धुळ्याला येते. बरणी परत पाठवा.

हेमलता


देवपूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. हेमलता,

चटणी मिळाली. बरणी धुऊन ठेवली आहे.

'हात एकटा, सोबत नाही' हे वाचून मला रात्रीचे जेवण गेले नाही. जे न बोलून सांगितले तेच परत बोलून दाखवायचे? या कवितेतील एक मात्रा जरी कोणी हलवली तरी तो अरसिक समजावा, आणि हलवणाऱ्याला लेखणी हाती घेण्याचा अधिकार नाही. हे मी सहीनिशी लिहून देतो. दाखव कोणाला दाखवायचे ते.

आता ती स्त्री. तू विचारलेस म्हणून लिहितो. ती रूपाने गोरी, स्वभावाने चंचल व लबाड. प्रियकर इकडे राबतो आहे (खांदा दुखण्याचा उल्लेख पहा, कुटुंबाचा भार), आणि ही दाराआड परक्याशी हास्यविनोद करते. ओठांवर गोडी आहे ती अंतरात नाही. तिला कर्तव्याची जाणीव नाही. मजबुरी वगैरे काही नाही, तुझ्या मंडळातल्या बायकांना सांग. अशी स्त्री ज्या घरात असेल त्या घराची मला कीव येते.

हे सर्व मी विस्ताराने लिहून पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात घातले आहे, चार पाने. वाचकाला कळू दे, की जाणकाराने मोडलेले वृत्त कसे असते आणि अडाणी गळ्यातून मोडलेले कसे. १६ मार्चला आमच्या साहित्य मंडळात याच कवितेवर माझे व्याख्यान आहे. त्याआधी नाव पाठव. आता अडचण सांगू नकोस.

योगराज


मेहरूण
१ मार्च २०२५

नाना, नमस्कार. कार्डावर जागा कमी, म्हणून थोडक्यात. सहीनिशी दिलंत ते पोथीच्या पिशवीत जपून ठेवलं आहे. व्याख्यानाआधी एकदा ती चार पानं बेबाकाकूंना मोठ्यानं वाचून दाखवा. आईच्या कानावर घातल्याशिवाय चांगलं काम बाहेर नेऊ नये. विशेषतः त्या बाईचा भाग सावकाश वाचा. बरणीची घाई नाही. हेमलता


देवपूर
८ मार्च २०२५

हेमलता,

तुझ्या सांगण्यावरून काल सकाळी आईला वाचून दाखवले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला पादाकुलक काय कळणार, तरी म्हटले ऐकू दे.

आई ओट्यावर लसूण सोलत होती. 'ओठांवरती गोडी काही' म्हटले आणि तिने पदर तोंडात घातला. 'गोरे राणी'ला पोचलो तेव्हा ती गदगदा हलत होती. मला वाटले, तिला लागले, रडते आहे. कविता काळजाला भिडली, असे समजून मी पुढे रसग्रहण सुरू केले. 'चंचल व लबाड' म्हटल्याबरोबर तिने मला लसूण फेकून मारला. पाकळी नव्हे, अख्खा गड्डा.

मग तिने खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि मला खुणेने 'पुन्हा म्हण' असे सांगितले. मी म्हणत गेलो, ती प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यावर ओट्याच्या फरशीवर बत्ता हाणत गेली. 'हात एकटा' म्हणून मी थांबलो, तर त्या मोकळ्या जागेत बरोबर तिचा बत्ता पडला. माझ्या खुर्चीला हादरा बसला. जणू माझ्या मौनावर कोणी मुठीने ठोकले.

समीक्षा दारात उभी राहून हसत होती. तिने आईचे बोलणे कागदावर लिहून माझ्या पुढ्यात ठेवले. जसेच्या तसे उतरवतो:

"ती गोरी राणी मीच शे. मी गूळ खावाले उठी जाऊ, मंग भिकु बठ्ठं गाणं मन्हावरच लावे."

म्हणजे आई गूळ खायला उठली की भिकुकाकू सगळे गाणे तिच्यावरच लावत. पहिल्या प्रकरणाची मुद्रिते टेबलावर आहेत. त्यात माझ्या जन्मदात्रीला मी चार पाने लबाड म्हटले आहे.

खुलासा कर.
योगराज


मेहरूण
१३ मार्च २०२५, होळी

नाना, नमस्कार.

पुरण शिजायला ठेवून लिहायला बसले आहे. खुलासा असा.

गाणं माझ्या आईचं. मी तुम्हाला अकरा पाठवली होती, हे बारावं मागे ठेवलं होतं. कागद ट्रंकेतच मिळाला, त्यात खोटं काही नाही. लिहून ठेवलाही मीच होता. कवी पुरुष आहे, पदवीधर आहे, हे माझ्या पत्रात कुठं आहे ते काढून दाखवा. तुम्ही लिहिलंत, मी वडीलधाऱ्यांना उलट बोलले नाही. नावाची अडचण होती म्हणाले, तर ती हीच, की नाव आधी कळलं असतं तर तुमचा चहा निवला नसता.

दोंडाईच्याजवळच्या आपल्या घरी उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, बिबड्या करायच्या तेव्हा दोघी जावा एका उखळावर बसायच्या, आठवतं? भिजवलेली ज्वारी कांडायची. एकच उखळ, दोन मुसळं. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. काकू गोऱ्यापान आणि गुळाच्या भारी शौकीन. मध्येच उठायच्या, मागल्या दारी जायच्या, गूळ तोंडात टाकून शेजारच्या प्रमिलाबाईंशी हसत उभ्या राहायच्या. आई बिचारी एकटी. खांदा आईचाच दुखायचा, नाना. कुटुंबाचा भार तो हाच, पायलीभर ज्वारीचा. आणि परकाही कोणी नव्हता, प्रमिलाबाई होत्या.

तुम्ही तेव्हा धुळ्याला शिकायला. तुमच्यापर्यंत फक्त बिबड्या पोचल्या.

तेव्हा आता एवढंच करा. गाणं आहे तसं छापा, खाली भिकुबाई लिहा. तुमचं रसग्रहणही असू द्या, चांगलं आहे. फक्त चुंबन काढून गूळ घाला.

हेमलता


देवपूर
२ एप्रिल २०२५

हेमलता,

उत्तराला उशीर मुद्दाम केला. रागात लिहू नये असे मीच वर्गात शिकवले आहे.

तू मला खेळवलेस. ते असो, तू लहान आहेस, सत्तावन्न वर्षांची असलीस तरी. १६ तारखेला मी दुसरीच कविता घेतली. श्रोते कळवळून विचारत होते, ती विरहाची कुठे आहे. मी ऐकू न आल्याचे दाखवले. प्रथमच बहिरेपणाचा उपयोग झाला.

पण राग बाजूला ठेवूनही मुद्दा उरतो. मी त्या आठ मात्रांना मौन म्हटले. मौन हे कवीने ठेवावे लागते. जाऊ गूळ खायला उठली म्हणून पडलेली फट हे मौन नव्हे, तो अपघात आहे. दळण सांडले तर आपण त्याला रांगोळी म्हणत नाही. मी चुकलो, फसलो, हे मान्य करतो. पण म्हणून ते गाणे वृत्तात बसत नाही.

छापखान्याला ती चार पाने काढावयास सांगितले आहे. पुस्तक अक्षय्य तृतीयेला निघेल. पंचवीस तारखेला शेवटचे मुद्रित जाईल, त्यानंतर काही घालता येणार नाही. भिकुकाकूंबद्दल मला आदर आहे, हे तुला ठाऊक आहे. आदराने मात्रा वाढत नाहीत.

बरणी समीक्षाबरोबर पाठवतो.
योगराज


मेहरूण
७ एप्रिल २०२५

नाना, नमस्कार.

काल रामनवमीचा पाळणा झाला. सुंठवड्याची पुडी या पाकिटात आहे, आधी ती तोंडात टाका. मग वाचा, कारण या वेळी मी मस्करी करत नाही.

तुम्ही विद्वान आहात, पण कधी कांडलं नाहीत. एकटीनं कांडताना गाणं म्हणता येत नाही, नाना. दम पुरत नाही. एकटी बाई मुसळ उचलते आणि "हं" म्हणते, बस. गाणं म्हणायला समोर दुसरी लागते, ती हाणते तेवढ्यात आपल्याला श्वास मिळतो. म्हणजे बघा. काकू उठून गेल्या असतील तेव्हा आईच्या मनात हे आलं असेल. पण ज्या ज्या वेळी आईनं हे म्हटलं, त्या प्रत्येक वेळी काकू तिच्या समोरच बसलेल्या होत्या. तोंडावर गाऱ्हाणं होतं ते.

ओळीचा पहिला अर्धा भाग आईच्या मुसळाचा, दुसरा काकूंच्या. 'हात एकटा' म्हणून आई मुद्दाम गप्प व्हायची. तिथे शब्द नाही, नुसतं काकूंचं मुसळ धप्प. आई मनात आणती तर तिला दोन शब्द सुचले नसते का? मला, दहावी झालेल्या बाईला, एका मिनिटात 'सोबत नाही' सुचलं. ते वाचून जेवण कोणाला गेलं नव्हतं?

ती जागा काकूंना बसायला ठेवलेली होती. काकूंना अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ती बरोबर सापडली, तुमच्या खुर्चीला हादरा बसला, हे तुम्हीच लिहिलं आहे. अपघाताची जागा साठ वर्षं कोणाच्या हातात राहते का?

बाकीच्या अकरांमध्ये जिथं जिथं तुमची लाल शाई आहे तिथं अशीच कोणाची तरी जागा आहे. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. येत्या शनिवारी, बाराला, हनुमान जयंती आहे. देवळातून आल्यावर आम्ही ज्वारी कांडायला बसतो. गिरणीवाला कांडून देतो, पण त्या बिबड्या भाजल्यावर फुलत नाहीत. आईचं उखळ माझ्याच तुळशीमागे आहे. काकूंना आणि समीक्षाला घेऊन या. कानाचं यंत्र डबीत राहू द्या, त्याची गरज नाही. जुना सदरा घाला.

एक मुसळ तुमचं.
हेमलता


देवपूर, धुळे
२० एप्रिल २०२५

चि. हेमलता,

हे पत्र समीक्षा लिहीत आहे, मी सांगत आहे. माझा उजवा हात खांद्यापासून वर होत नाही. आठ दिवस झाले.

(आत्या, मी समीक्षा. आबा लिहू शकतात. लाडात आले आहेत.)

तू मला उखळाशी बसवलेस तेव्हा मी मनात लघु-गुरु मोजत होतो. ते पाचव्या घावाला सुटले. मग फक्त तुझे ओठ दिसत होते आणि तळपायांना जमीन कळत होती. तुझे मुसळ पडले की एक हादरा, माझे पडले की दुसरा. तुझा अर्धा, माझा अर्धा. आईची जागा मला दिली होतीस, एवढे कळले. तुझे ओठ 'हात एकटा' म्हणून मिटले, आणि माझे मुसळ आपोआप खाली गेले. त्या जागेत. कोणी शिकवले नव्हते. आई खाटेवर बसून माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलेल्या पोराकडे बघावे तशी.

इथवर ठीक होते. हे मी तिथेच कबूल केले असते. पण तू नंतर जागा बदललीस, मला भिकुकाकूंच्या बाजूला बसवलेस, आणि दुसऱ्या कडव्याला उठून चालती झालीस. मी मुसळ हाणले आणि समोरच्या हादऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. आठ मात्रा, हेमलता. मी आयुष्यभर त्या कागदावर मोजल्या. त्या दिवशी त्या माझ्या तळपायांखाली रिकाम्या गेल्या. मी पुन्हा एकट्याने उचलले, पुन्हा वाट पाहिली. तुळशीपाशी तू आणि आई गुळाचा खडा वाटून खात होतात आणि दोघी माझ्याकडे बघून हसत होतात.

चार पाने परत घातली आहेत. गाणे जसेच्या तसे, खाली 'भिकुबाई'. 'हा कवी निश्चित पदवीधर' हे वाक्य काढून 'या कवयित्रीला लिहिता येत नव्हते' असे घातले आहे. मौनाविषयीचा परिच्छेद तसाच आहे, एक मात्रा हलवलेली नाही. सहीनिशी दिले होते ना. 'चंचल व लबाड' मी खोडले होते. आईने विचारले काय खोडलेस, समीक्षाने सांगितले, तर म्हणाली, "लबाड ऱ्हाऊ दे. खरं शे ते." तेव्हा ते राहिले. चुंबनाच्या जागी गूळ घातला. आठवडाभर विचार करूनही त्याहून संयत शब्द सापडला नाही.

बाकीची अकरा गाणीही हवीत, लाल शाईशिवायची प्रत करून पाठव. पंचवीसच्या आत. प्रत्येक मोकळ्या जागेत कोण बसत होते तेही लिही.

छापखान्यातल्या माणसाने तिसऱ्या ओळीपुढची जागा पाहून ती ओळ मधोमध सरकवली होती, सुंदर दिसावी म्हणून. काल स्वतः जाऊन ती डावीकडे आणवली आणि पुढची जागा सोडवली. तो म्हणाला, सर, इथे काही राहिलंय का. मी त्याच्या टेबलावर डाव्या हाताने एकदा थाप मारली. त्याला काही कळले नाही. मलाही साठ वर्षे लागली, त्याला काय बोलणार.

पुढच्या चैत्रात बिबड्यांना बोलाव. येईन. फक्त गूळ आधी कुलपात घाल आणि किल्ली माझ्याकडे दे.

खांदा दुखतो, थांबत नाही.

योगराज

(बरणी उखळाच्या गडबडीत परत आमच्याच पिशवीत आली. समीक्षा.)